पुरातन वन : सातत्य, अस्सलता आणि प्रेक्षकाची जबाबदारी

१

इंग्लंडमध्ये ज्या भूभागावर निदान इ. स. १६०० पासून अखंड वृक्षाच्छादन आहे, त्या भूभागाला ‘पुरातन वन’ असे म्हटले जाते. ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५) आणि जॉर्ज पीटरकेन या अभ्यासकांच्या कामातून १९७० च्या दशकात ही संकल्पना आकाराला आली आणि १९८१ पासून नेचर कॉन्झर्व्हन्सी कौन्सिल या शासकीय संस्थेने अशा वनांची सूची करण्यास प्रारंभ केला. १६०० हे वर्ष वरवर पाहता यादृच्छिक वाटते; परंतु त्यामागे एक तर्क आहे. त्या काळापूर्वी झाडे लावून वन उभारण्याची पद्धत इंग्लंडमध्ये फारशी रूढ नव्हती. त्यामुळे १६०० मध्ये जेथे वन होते, तेथे ते कोणी लावलेले नसावे आणि बहुधा त्याहून कितीतरी जुने असावे, असे अनुमान करता येते.

या व्याख्येत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ‘पुरातन’ हे विशेषण येथे झाडांना लागलेले नाही, ते जागेला लागलेले आहे. वन पुरातन असते म्हणजे त्यातील वृक्ष पुरातन असतात असे नव्हे. पुरातन वनात डोळ्यांना दिसणारे प्रत्येक खोड वीस-पंचवीस वर्षांचे असू शकते. आणि उलट, एखाद्या उमरावाच्या उद्यानात पाचशे वर्षांचा ओक उभा असूनही त्याभोवतीची जमीन ‘पुरातन वन’ ठरत नाही. ज्याला जुने म्हणायचे ते येथे वस्तूच्या रूपात समोर येत नाही. ते एका क्रमाच्या, एका न तुटलेल्या मालिकेच्या रूपात असते. क्रम मात्र डोळ्यांना दिसत नाही. पुरातन वनाला दिलेल्या भेटीतून उद्भवणारा तात्त्विक आणि नैतिक प्रश्न येथेच सुरू होतो. जे दिसत नाही त्याचे मूल्य पाहणाऱ्याला कसे कळावे? आणि ते कळल्यावर त्या मूल्यापोटी त्याच्यावर नेमकी कोणती जबाबदारी येते?

केंब्रिजशायरमधील हेली वन हे याचे बोलके उदाहरण आहे. रॅकम यांनी १९७५ मध्ये या एकाच वनावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि पुरातन वनांच्या अभ्यासाची पद्धत या लहानशा वनाच्या निमित्ताने बरीचशी स्पष्ट झाली. हे वन एका बुटक्या टेकडीच्या सपाट माथ्यावर, जड चिकणमातीवर आहे. पाणी न मुरणाऱ्या त्या मातीमुळे वसंतात पायवाटांवर चिखल साचतो. भव्य वृक्षांच्या अपेक्षेने येणाऱ्या माणसाची येथे निराशा होते. समोर दिसतात ती हेझलची झुडपे, ॲशची सरळ, सडपातळ खोडे आणि अधूनमधून मध्यम उंचीचे ओक. एप्रिलमध्ये फिकट पिवळ्या ऑक्सलिपची फुले जमिनीलगत उमलतात. तीही एखाद्या बागेतल्यासारखी नजरेत भरणारी नव्हेत. वनाच्या कडेने एक रुंद, झिजलेला मातीचा बांध वळणे घेत जातो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर असतो. पाहणाऱ्याला तो जमिनीचा नैसर्गिक उंचसखलपणा वाटावा, इतका तो मातीत मिसळून गेलेला आहे. वस्तुतः तो मध्ययुगीन सीमाबांध आहे. बाहेरची गुरे आत येऊन कोवळे फुटवे खाऊ नयेत आणि वनाची हद्द स्पष्ट राहावी, यासाठी माणसांनी तो हातांनी घातला.

२

अशा जागी भेट देणारा माणूस रिकाम्या डोळ्यांनी येत नाही. वन कसे पाहावे याचे संस्कार इंग्रजी साहित्याने आणि चित्रकलेने त्याच्यावर आधीच केलेले असतात. विल्यम गिल्पिन यांनी १७९१ मध्ये वनदृश्यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ‘चित्रोपम’ या सौंदर्यकोटीत वनाला मानाचे स्थान मिळाले. वाकलेली, पोखरलेली, शेवाळलेली झाडे, छाया-प्रकाशाचा खेळ, आणि मानवी उपयोगाच्या खुणांचा शक्यतो अभाव, ही त्या दृष्टीची लक्षणे होत. स्वच्छंदतावादी कवींनी तिला आध्यात्मिक खोली दिली. वन ही समाजाबाहेरची, श्रमाबाहेरची, म्हणून शुद्ध अशी जागा ठरली. पुढे जॉन फाउल्स यांच्या ‘द ट्री’ (१९७९) या दीर्घ निबंधाचा शेवट डेव्हनमधील विस्टमन्स वुड या खुरट्या ओकवृक्षांच्या वनात होतो. तेथेही वनाचे मोल ते माणसाच्या उपयुक्ततावादी आणि वर्गीकरणवादी बुद्धीला दाद देत नाही, यातच शोधलेले आहे.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवून दिले की, इंग्रजी साहित्यातील ग्रामीण निसर्गाची प्रतिमा तो निसर्ग घडविणाऱ्या श्रमिकांना चौकटीबाहेर ठेवूनच सिद्ध झाली आहे. हे विवेचन प्रामुख्याने शेते, कुरणे आणि जमीनदारांची उद्याने यांविषयीचे आहे; पण पुरातन वनाच्या बाबतीत ते अधिक तीव्रतेने लागू पडते. शेत माणसाने केलेले आहे हे निदान नाकारता तरी येत नाही. वनाच्या बाबतीत मात्र श्रमाचा विसर हीच त्या अनुभवाची पूर्वअट बनलेली असते.

ऐतिहासिक वस्तुस्थिती या अनुभवाच्या थेट विरुद्ध आहे. १२५१ मध्ये ईलीच्या बिशपने आपल्या मालमत्तेची मोजदाद करविली, तीत हेली वनाची नोंद ८० एकर अशी नावानिशी आढळते. म्हणजे आजपासून पावणेआठशे वर्षांपूर्वीच हे वन मोजलेले, मालकी असलेले आणि नियमाने तोडले जाणारे होते. सफोकमधील ब्रॅडफील्ड वन बरी सेंट एडमंड्स येथील मठाच्या ताब्यात होते आणि तेथील तोडीची परंपरा १२५२ पर्यंत मागे नेता येते. या तोडीची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. झाड जमिनीलगत तोडायचे, बुंधा आणि मुळे तशीच राखायची आणि बुंध्यातून फुटणारे धुमारे काही वर्षांनी पुन्हा तोडायचे, असे तिचे स्वरूप आहे. ऊसतोडीनंतर खोडवा राखला जातो, त्यामागचे तत्त्व हेच. फरक इतकाच की, उसाचा खोडवा काही हंगामांत थकतो; ॲश किंवा हेझलचा बुंधा मात्र दर तोडीने जणू नव्याने तरुण होतो. न तोडलेला ॲश साधारणतः दोन-तीन शतकांत संपतो. तोडत राहिलेल्या ॲशचा बुंधा रुंदावत जाऊन हजार वर्षांचा होऊ शकतो. ब्रॅडफील्डमधील एका बुंध्याचे वय अभ्यासकांनी इतके अंदाजिले आहे.

येथे नेहमीचे समीकरण उलटे होते. कुऱ्हाड म्हणजे विनाश आणि अस्पर्श म्हणजे रक्षण, ही सहजप्रवृत्तीने स्वीकारलेली जोडी या वनांच्या बाबतीत खरी ठरत नाही. ही वने टिकली ती तोडली गेली म्हणून. सरपण, कुंपणाचे वासे, घरांच्या कुडाच्या काठ्या, अवजारांचे दांडे पुरविणारे वन गावाला आणि मालकाला हवे असते, म्हणून त्याभोवती बांध घातला जातो आणि तो राखला जातो. कोळसा आणि लोखंड स्वस्त झाले, लाकडाची गरज सरली, तेव्हाच या वनांवर खरे संकट आले. विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत, पुरातन वनांचा फार मोठा भाग नांगराखाली गेला किंवा तेथील मूळ झाडे नष्ट करून सूचिपर्णी वृक्षांची लागवड झाली. याचा अर्थ, वनाला माणसाच्या गरजेपासून मुक्त करणे ही त्याच्या शुद्धीची नव्हे, अंताची सुरुवात होती.

३

तथापि केवळ ‘निसर्ग’ या कल्पनेचा फोलपणा दाखवून प्रश्न मिटत नाही; उलट तो अधिक कठीण होतो. पुरातन वन हे मानवस्पर्शरहित नसेल, तर ते इतर कोणत्याही मानवनिर्मित गोष्टीसारखे पुन्हा का निर्माण करता येऊ नये?

हा प्रश्न काल्पनिक नाही. इंग्लंडच्या नियोजनविषयक राष्ट्रीय धोरणाच्या २०१८ च्या सुधारित मसुद्यात पुरातन वनाची गणना ‘अपुनर्निर्मेय’ अधिवासांत करण्यात आली. पण त्याच तरतुदीत सर्वस्वी असाधारण कारण असेल आणि भरपाईची योग्य योजना असेल, तर अशा वनाची हानी मान्य करण्याची मुभाही आहे. जे पुन्हा निर्माण करता येत नाही त्याची ‘भरपाई’ म्हणजे नेमके काय, या विसंगतीचा अनुभव लंडन ते वेस्ट मिडलंड्स या अतिजलद रेल्वेमार्गाच्या बांधणीत आला. वॉरिकशायरमधील साउथ कबिंग्टन वनाचा काही भाग या मार्गात गेला. तेथील माती, तीतील बिया, कंद आणि बुरशीच्या जाळ्यासह, खणून दुसऱ्या जागी नेऊन पसरण्यात आली. जवळच्या कुंपणातील सुमारे अडीचशे वर्षांचे रानटी नासपतीचे झाड, जे २०१५ मध्ये इंग्लंडमधील ‘वर्षाचा वृक्ष’ म्हणून लोकांनी निवडले होते, ते ऑक्टोबर २०२० मध्ये तोडण्यात आले. त्याची कलमे करून त्याचा वंश राखण्याचा प्रयत्नही झाला. हे सारे प्रामाणिकपणे आणि शास्त्रीय काळजीने झाले असे गृहीत धरले, तरी प्रश्न उरतो. माती तीच, बीज तेच, कलम त्याच झाडाचे. मग गेले काय?

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट यांनी १९८२ मध्ये या प्रश्नाला कलेतील बनावटीच्या दृष्टांताने उत्तर दिले. हुबेहूब नक्कल आणि मूळ चित्र यांत डोळ्यांना फरक दिसला नाही, तरी फरक असतो. कारण चित्राचे मूल्य त्याच्या दृश्य गुणांइतकेच त्याच्या उगमावर अवलंबून असते. तसेच पुनर्स्थापित निसर्ग हा निसर्गाची बनावट होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो प्रभावी आहे. पण त्याचा आधार निसर्गाचा माणसाविना झालेला उगम हा आहे. हेली किंवा ब्रॅडफील्ड यांना हा आधार मुळातच उपलब्ध नाही. एलियट यांचा युक्तिवाद जसाच्या तसा स्वीकारला, तर इंग्लंडमधील पुरातन वने हीच अर्धी बनावट ठरतील. म्हणून अपुनर्निर्मेयतेचे समर्थन अन्य पायावर उभे करावे लागते.

येथे नेल्सन गुडमन यांनी ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) मध्ये केलेला भेद उपयोगी पडतो. काही कलांमध्ये मूळ आणि नक्कल हा भेद अर्थपूर्ण असतो; चित्रकला ही त्यांपैकी होय. अशा कलांना ‘स्वहस्तनिष्ठ’ म्हणता येईल. अन्य काही कलांमध्ये तो भेदच संभवत नाही. कवितेची बिनचूक प्रत ही कवितेची नक्कल नसते, ती कविताच असते; कारण कवितेची ओळख तिच्या लेखनचिन्हांच्या क्रमाने ठरते आणि तो क्रम कोठेही, कोणाच्याही हातून पुन्हा सिद्ध होऊ शकतो. अशा कलांना ‘लेखनिष्ठ’ म्हणावे. साहित्याचा अभ्यासक आयुष्यभर लेखनिष्ठ कलाकृतींच्या सहवासात असतो. हस्तलिखित जळाले तरी पाठ उरला तर कृती उरली, असे मानण्याची त्याला सवय जडते. म्हणूनच वनाला ‘संहिता’ म्हणण्याचा मोह त्याने सावधपणे आवरला पाहिजे. वन वाचता येते, यात शंका नाही. बांधाच्या वळणावरून त्याचे वय, बुंध्याच्या रुंदीवरून तोडीचा इतिहास, फुलांच्या जातींवरून जमिनीचे सातत्य वाचता येते. पण जे वाचता येते ते सारे उतरून घेता येतेच असे नाही. बियांची यादी म्हणजे वन नव्हे, आणि मातीचे ढीग म्हणजेही नव्हे.

मात्र वन हे चित्रासारखे काटेकोर अर्थाने स्वहस्तनिष्ठही नाही. त्याला एक कर्ता नाही, पूर्णत्वाचा एक क्षण नाही, आणि त्याचे द्रव्यही स्थिर नाही. प्रत्येक खोड नवे असते. जुना असतो तो बुंधा, आणि बुंध्यापेक्षा जुना असतो तो तोडण्याचा आणि फुटण्याचा क्रम. जात्यावरच्या ओवीशी याची तुलना करता येईल. प्रत्येक बाई ओवी आपल्या परीने गाते. एकही गायन दुसऱ्याची प्रत नसते. आणि तरीही ओवीला एक सातत्य असते, ते दळण्याच्या कामात आणि बायकांच्या एकीकडून दुसरीकडे जाणाऱ्या गळ्यात. जाते थांबल्यावर ओव्या संग्रहात राहतात आणि ते संग्रह मोलाचे असतात. पण संग्रहाने ओवी चालू राहिली असे कोणी म्हणत नाही. संग्रह करणारेही तसा दावा करीत नाहीत. वनाची माती हलविणाऱ्यांनी नेमका तोच दावा केला, तर तो तपासून पाहावा लागतो.

४

हेली वनाच्या कडेला याची एक प्रयोगासारखी साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात वनाजवळून रेल्वेमार्ग गेला आणि शेताचा एक त्रिकोणी तुकडा वन व लोहमार्ग यांच्यामध्ये अडकला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील नांगरट थांबली आणि त्या तुकड्यावर झाडे आपोआप उगवली. आज ते वनच आहे. बाहेरून येणाऱ्याला सीमारेषा चटकन कळतही नाही. पण त्याखाली जुन्या नांगरटीचे उंचवटे आणि सऱ्या आहेत आणि शेजारच्या पुरातन भागातील ऑक्सलिप त्यात अतिशय संथपणे, अंगुळा-अंगुळाने, शिरत राहिली आहे. मध्ये भिंत नाही, अंतर नाही, बियांचा साठा शेजारीच आहे. तरी दशके पुरी पडत नाहीत. जे शेजारी असूनही इतक्या सावकाश घडते ते दूरच्या शेतात आराखड्याप्रमाणे घडवून आणण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्या आश्वासनाचे स्वरूप शास्त्रीय नसून भाषिक आहे, असेच म्हणावे लागेल.

आता दोन आक्षेपांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला असा की, इतिहास तर प्रत्येकच जागेला असतो. तो त्रिकोणी तुकडाही मध्ययुगीन शेत होता; सूचिपर्णी लागवडीलाही आज शंभर वर्षांचा इतिहास आहे. मग वनाच्याच इतिहासाला विशेष मूल्य का? याचे उत्तर असे की, केवळ काळाचे लोटणे हे मूल्य नव्हे. पुरातन वनात काळ साचलेला नसतो. तो परस्परप्रतिसादांतून घडलेला असतो. मातीचा ओलावा, वनस्पतींची निवड, तोडीचे चक्र, तोडीनंतर येणारा प्रकाश आणि त्या प्रकाशाची वाट पाहणारी फुले यांनी शतकानुशतके एकमेकांना उत्तरे दिलेली असतात. हा संवाद कोणत्याही एका पक्षाच्या योजनेत मावत नाही, म्हणून तो योजनेने पुन्हा उभा करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मराठी वाचकाला तो टाळता येणार नाही. सातत्य हेच मूल्य मानले, तर परंपरेच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला तेच समर्थन मिळणार नाही काय? ‘हे पूर्वापार चालत आले आहे’ हा युक्तिवाद जातिव्यवस्थेच्या रक्षकांनी किती निर्लज्जपणे वापरला, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. आणि इंग्लंडमधील वनांचे सातत्यही निष्पाप नव्हते. बिशपच्या वनात राबणारे बिशपच्या कुळांपैकी होते. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा मध्ययुगीन कायद्यातील अर्थ झाडांची जागा असा नव्हता. राजाच्या शिकारीसाठी विशेष कायद्याखाली राखलेला प्रदेश असा तो होता. त्या कायद्याचा जाच कमी करण्यासाठी १२१७ मध्ये वेगळी सनद द्यावी लागली. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तर हरणांच्या चोरीसारख्या गुन्ह्यांना फाशीची शिक्षा लावली, त्याचा इतिहास ई. पी. टॉम्पसन यांनी १९७५ मध्ये लिहिला.

या आक्षेपाचे उत्तर भेद स्पष्ट करूनच देता येते. सामाजिक संस्थेचे सातत्य माणसांच्या देहांवर आणि आयुष्यांवर चालते. ज्यांच्यावर ते चालते त्यांना ‘नको’ म्हणण्याचा अधिकार असतो, आणि त्या नकारापुढे संस्थेचे वय हे उत्तर होऊ शकत नाही. वनाचे सातत्य आज कोणाच्या दास्यावर उभे नाही. बिशप गेला, मठ १५३० च्या दशकातील उच्छेदात गेले, बुंधे राहिले. म्हणजे सातत्याच्या एका धाग्यातून अन्यायाचा धागा सोडवून घेता आला, तरी वन तुटले नाही. जे सातत्य अन्याय संपल्यावरही टिकते आणि जे अन्यायाविना टिकूच शकत नाही, या दोहोंत फरक करणे हीच येथे विवेकाची कसोटी होय. मार्क्सवादी विचारवंत जी. ए. कोहेन यांनी आपल्या उत्तरायुष्यात विद्यमान मूल्यवान वस्तूंच्या रक्षणाचे समर्थन केले, तेव्हा त्यांनीही न्यायाला त्या समर्थनाच्या बाहेर ठेवले होते. अन्याय जतन करण्याजोगा नसतोच, मग तो कितीही जुना असो. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, मूल्य आणि मूल्यवान वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वस्तूच्या जागी तितक्याच मूल्याची दुसरी आणून ठेवली, म्हणजे पहिलीची हानी झालीच नाही असे होत नाही.

यावरून पुरातनत्व हा नकाराधिकार आहे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. घरे, रस्ते, लोहमार्ग हव्या असणाऱ्या माणसांच्या गरजाही खऱ्या आहेत आणि प्रसंगी वनाची हानी करणे योग्य ठरू शकेल. निष्कर्ष मर्यादित, पण ठाम आहे. हानी करावी लागली, तर तिला हानीच म्हटले पाहिजे. ‘भरपाई’ या शब्दाने हिशेब मिटला असे दाखविणे हा निसर्गाविरुद्धचा अपराध असण्याआधी सत्याविरुद्धचा अपराध आहे. ज्या समाजाला आपण काय गमावले हे सांगता येत नाही, त्याला पुढच्या वेळी काय राखायचे हेही ठरविता येत नाही.

५

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ दृष्टांतापुरता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील ब्रिटिश वनखात्याने युरोपीय, मुख्यतः जर्मन, वनशास्त्राच्या आधारे जंगलांची आखणी केली आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांवरील गावांचे परंपरागत वापराचे हक्क मोठ्या प्रमाणात आकुंचित केले. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) महात्मा फुले यांनी या खात्यावर कठोर टीका केली, डोंगर-कुरणे बंद झाल्याने शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी मरतात, हे त्यांनी सांगितले. ज्या इंग्लंडमधील वने गावांच्या कुऱ्हाडीने टिकली होती, त्याच देशाचे अधिकारी येथे गावाची कुऱ्हाड हाच वनाचा शत्रू मानत होते. वर्तुळ पुढे असे पूर्ण झाले की, भारतातील वनखात्याचे प्रमुखपद भूषविलेले विल्यम श्लिख यांनी १८८५ मध्ये कूपर्स हिल येथे वनशास्त्राचे शिक्षण सुरू केले आणि भारतासाठी सिद्ध झालेली ही विद्या इंग्लंडमध्येही स्थिरावली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट्री कमिशनच्या काळात एकजिनसी लागवडीचे तेच तत्त्व पुढे इंग्लंडच्या स्वतःच्या पुरातन वनांवर येऊन आदळले. वसाहतीत वापरलेली दृष्टी स्वदेशी परतली.

याच संदर्भात देवराईचाही विचार करता येतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच सुमारास रॅकम हेली वनावर लिहीत होते. देवराई न तोडण्याने टिकली, इंग्रजी वन तोडण्याने टिकले. वरवर परस्परविरुद्ध दिसणाऱ्या या दोन रीतींत समान काय आहे? दोन्ही ठिकाणी काय करायचे आणि काय नाही, याचा दंडक एखाद्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला असतो. राखणारा घटक स्पर्श किंवा अस्पर्श नसतो. राखणारा असतो तो दंडक. म्हणून ‘पुरातन वन’ या संज्ञेचे मराठी रूप करताना ‘अरण्य’ हा शब्द चालत नाही. त्यात निर्जनतेचा ध्वनी आहे. ‘जंगल’ या शब्दाला खात्याचा वास येतो. ‘राई’ हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा ठरतो. कारण राई कोणाची तरी, कोठल्या तरी गावाची असते.

६

मग भेट देणाऱ्या प्रेक्षकाचे स्थान कोणते? तो तेथे लाकूड तोडायला येत नाही, गुरे चारायला येत नाही. तो पाहायला येतो. सौंदर्यशास्त्रातील तटस्थतेची कल्पना त्याला सांगते की, असे निर्हेतुक पाहणे हेच सर्वांत निर्मळ. परंतु ज्या वनाची घडणच हेतूंनी झाली, तेथे निर्हेतुक प्रेक्षक हा त्या इतिहासातील सर्वांत परका माणूस ठरतो. शिवाय त्याचे पाहणे निरुपद्रवीही नाही. ओल्या चिकणमातीत वाट सोडून चालणारी पावले तेथील फुलांना मारतात. आणि ज्या फुलांसाठी तो आलेला असतो, ती फुले बहुतेक वेळा कोणीतरी नुकत्याच केलेल्या तोडीमुळे उमललेली असतात. हेली वन १९६२ मध्ये एका निसर्गरक्षक न्यासाने विकत घेतले आणि थांबलेली तोड पुन्हा सुरू केली. आजचा प्रेक्षक ज्याला निसर्गाची कृपा समजतो, ते पुष्कळ अंशी त्या कामाचे फळ असते.

हस्तक्षेप न करणे हीही एक कृतीच आहे, हे १९८७ च्या ऑक्टोबरमधील वादळाने दाखविले. दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडे पडली. शोकाच्या भरात बऱ्याच ठिकाणी पडलेली झाडे यंत्रांनी हटवून नवी लावण्यात आली. जेथे काहीच केले नाही तेथे अनेक आडवी झाडे जिवंत राहिली, फुटली, आणि वन स्वतःच्या रीतीने सावरले. त्या वादळापेक्षा नंतरच्या साफसफाईने अधिक बिघडविले, हे रॅकम यांनी आग्रहाने मांडले. याउलट, २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम आढळलेला ॲशचा बुरशीजन्य रोग काहीच न केल्याने थांबणारा नाही, आणि काही केल्यानेही कदाचित नाही. हजार वर्षांचा बुंधाही त्यातून सुटेलच असे नाही. त्या दिवशी वन संपले असे म्हणावे काय? वर मांडलेली भूमिका मान्य केली, तर उत्तर नकारार्थी आहे. ॲश गेल्यावर माती, बांध, ऑक्सलिप, हेझल आणि तोडीचा क्रम यांचा संवाद एका मोठ्या आवाजाविना, पण पुढे चालू राहील. मृत्यूने सातत्य तुटत नाही; ते तुटते प्रतिसाद थांबला म्हणजे.

म्हणून प्रेक्षकाची जबाबदारी भक्तीची नाही आणि केवळ आस्वादाचीही नाही. ती वाचनाची आहे. मात्र ज्याची दुसरी प्रत नाही अशा गोष्टीच्या वाचनाची. लेखनिष्ठ कृतीचा वाचक निष्काळजी असला, तर तो स्वतःचेच नुकसान करतो. कृती अन्य वाचकांसाठी शाबूत राहते. पुरातन वनाचा निष्काळजी वाचक मात्र वाचायचे तेच पुसत असतो. प्रत्यक्ष पावलांनी थोडेसे आणि चुकीच्या वर्णनाने फार मोठे. ज्याने त्या बांधाला निसर्गाचा उंचवटा म्हटले, त्याने बांध घालणाऱ्यांना पुसले. ज्याने वनाला अस्पर्श म्हटले, त्याने ते तोडीविना मरू देण्याची वाट मोकळी केली. आणि ज्याने ते हलविता येते म्हटले, त्याने ते हलविण्याआधीच नष्ट केले. वनाविषयीच्या या तिन्ही विधानांत प्रथम वापरले जाते ते अवजार भाषेचे असते. कुऱ्हाड आणि यंत्र नंतर येतात. साहित्यसमीक्षेचा या प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारले, तर तो एवढाच आहे.